माझ्या नावाची सव्वा मूठ

माणूस म्हणून मी धुळ्याचा, पण माझं पोट जळगावचं आहे. नोकरी लागून मी इथे आलो आणि बायकोच्या आधी पोटाने इथे संसार थाटला. जळगावात ते शहाण्यासारखं वागतं. सकाळी चहा, मग वर्तमानपत्र, आणि अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला आतून हाक. पूर्वेला नशिराबाद आणि पश्चिमेला पाळधी एवढीच त्याची हद्द. ती ओलांडली की ते माझ्याशी बोलणं टाकतं, आणि परत येईपर्यंत रुसून बसतं.

हे दुखणं मी निमूटपणे सोसलंही असतं. पण दरवर्षी श्रावणात मला धुळ्याला जावं लागतं, आणि तेही जेवायला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या धुळ्याच्या घरी आमची खानदेशी देवी कानबाई बसते. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. खानदानातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्या बेताने हरभऱ्याची डाळ घ्यायची, दळण करायचं, त्याच्या पोळ्या, पुऱ्या, खीर रांधायची आणि भाऊबंदांनी मिळून संपवायची. रोटात बाहेरचं धान्य चालत नाही, रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि कणभरसुद्धा टाकायचे नाहीत. काही घरांत संपवायला पौर्णिमेपर्यंत सवड असते. आमच्या घरात मोठी माय आहे, म्हणून सवड नाही. दिवेलागणीच्या आत परात रिकामी दिसली पाहिजे.

मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू, झुंबरबाई. गहू तीच काढते. सव्वा मूठ म्हणजे कितीसं, असं कोणाला वाटेल, तर त्याने तिचा हात पाहावा. आपण जिला ओंजळ म्हणतो तिला ती मूठ म्हणते, आणि वरचा पाव ती देवीकडे बघत घालते, त्यामुळे तो कुठे थांबेल याचा नेम नसतो. शिवाय सुरत, पुणे आणि कुठे कुठे पांगलेल्या सगळ्या चुलत भावांच्या नावाने मुठी निघतात. नावं येतात, पोटं येत नाहीत. हजर असलेल्यांनी गैरहजर असलेल्यांचं खायचं, असा मामला आहे.

माझ्या नावाची मूठ मात्र ती सैल धरते. हे मला गेल्या वर्षी कळलं. मी एका पोळीनंतर बाजेवर आडवा झालो होतो आणि मोठ्या मायचा मुलगा धनसिंगदादा माझ्या वाट्याच्या पोळ्या एकेक वर उचलून, "हाई बी रविनीच," असं पंगतीला दाखवत खात होता. दादाचं टायरचं दुकान आहे आणि ट्रकचं चाक तो एकट्याने उचलतो. बायका पदराआड हसत होत्या. मोठी माय मात्र हसत नव्हती.

"रवि," ती म्हणाली, "मी तुनी मूठ सैल लेस, तरी तुना वाटाना रोट दरसाल धनसिंगच खास. पुढला साल बी असंच व्हयनं, तं तुना नावनी मूठ मी धनसिंगना नावमा टाकी देसू."

वाचणाऱ्याला ही गंमत वाटेल. मला वाटली नाही. मूठ गेली म्हणजे खानदानाच्या मोजणीतून माणूस गेला. उद्या माझ्या मुलाने विचारलं, बाबा, आपली मूठ कुठली, तर मी काय टायरच्या दुकानाकडे बोट दाखवू? मी परत आलो तो निश्चय करूनच. पुढच्या श्रावणात माझे रोट मी खाणार होतो.

निश्चय मनात ठेवायचा असतो. मी तो शेजारच्या भाईदासला सांगितला. भाईदास औषध कंपनीत विक्रीच्या कामाला होता. तो कंपनीतून निवृत्त झाला, पण कंपनी अजून त्याच्यातून निवृत्त झालेली नाही. माझी हकीकत ऐकून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं पोट खराब नाही. तुमचे जिवाणू घरकोंबडे आहेत. त्यांना प्रवासाची सवय नाही."

मग त्याने यादीच काढली. जेवणाआधी एन्झाइमची गोळी, जेवणानंतर दुसऱ्या रंगाची, सकाळी उपाशीपोटी प्रोबायोटिक कॅप्सूल. या कॅप्सूलमध्ये म्हणे कोट्यवधी चांगले जिवाणू असतात आणि ते आपल्या घरकोंबड्यांना धीर देतात. माझा इसबगोल मी कित्येक वर्षं रोज रात्री घेतोच. भाईदासने त्याला हिणवलं नाही, पण घरच्या जुन्या नोकराकडे बघावं तसं बघितलं.

बातमी गल्लीत पसरली. समोरच्या इंदिराबाईंनी भाजलेला ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. ऑफिसातले सावद्याचे उखर्डूनाना रोज दोन केळी टेबलावर ठेवू लागले आणि मी सोलेपर्यंत उभे राहू लागले. कोणी त्रिफळा दिला, कोणी हिंगाच्या गोळ्या. मित्रांचा सल्ला नाकारला तर मित्र जातो आणि घेतला तर पोट जातं. मी पोटावर पाणी सोडलं आणि सगळं घेतलं.

"हे सगळं धुळ्याला न्यायचं?" माझी बायको वृषाली म्हणाली. "कानबाईला चाललोय की दवाखाना टाकायला?"

मी तिला शांतपणे सांगितलं की एवढ्यावर भागणार नाही, बर्फही लागणार आहे. भाईदासच्या म्हणण्याप्रमाणे जिवाणूंना उकाडा सोसत नाही. त्यासाठी मी आईस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा डबा मिळवला, त्यात बर्फ भरला आणि वर माझा सगळा औषधसंभार नीट रचला. इसबगोलचं पाकीटही त्यातच ठेवलं. वृषालीने इसबगोलचा महिन्याचा स्टीलचा डबा आपल्या पिशवीत टाकला. माझ्या योजनांवर तिचा विश्वास आहे, पण ती छत्री जवळ ठेवते.

शनिवारी सकाळी आम्ही स्टँडवर पोहोचलो. कंडक्टरने माझ्या डब्याकडे पाहिलं.

"यात काय आहे?"

मी खरं बोलणारा माणूस आहे. "जिवाणू," मी म्हणालो.

"जिवंत?"

"हो. म्हणून तर बर्फ."

तो एक पायरी मागे सरकला. "जिवंत माल गाडीत घेता येत नाही. पार्सलच्या खिडकीवर नोंद करून आणा."

पार्सलच्या खिडकीवर चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं की माल प्राणी आहे का. प्राणी असेल तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल. मी म्हणालो, औषध आहे. औषध असेल तर दुकानाचं बिल लागेल. मी म्हणालो, बिल नाही, शेजाऱ्याने दिलंय. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला सुरुवात केली. श्रावण असूनही ऊन कडक होतं आणि डबा उन्हात होता. एक गाडी गेली. दुसरी लागली. शेवटी वृषाली पुढे झाली.

"साहेब, त्यात दही आहे," ती म्हणाली.

"मग आधी दही म्हणायचं ना," ते म्हणाले. "दही मांडीवर घेऊन बसा. नोंद लागत नाही."

भाईदासने पुढे मला सांगितलं की शास्त्राच्या दृष्टीने वृषाली फारशी चुकली नव्हती. पण त्या वेळी माझा शास्त्रावरचा विश्वास डळमळला होता. मी दही मांडीवर घेऊन बसलो.

एरंडोल येईपर्यंत बर्फाने जीव सोडला. थर्माकोलच्या फटीतून पाणी गळायला लागलं आणि माझी मांडी ओली होऊ लागली. डबा खाली ठेवायला जागा नव्हती. पारोळ्याला शेजारी बसलेले आबा उठले आणि माझ्या पँटकडे बघून फार प्रेमाने म्हणाले, "उतरी जाय भाऊ, गाडी थांबनी शे. मी जागा धरस." मी त्यांना सांगितलं की हे पाणी आहे. आबा म्हणाले, "पाणीच ऱ्हास ते." अख्ख्या गाडीने ऐकलं. धुळ्याच्या स्टँडवर धनसिंगदादा मोटारसायकल घेऊन आला होता. त्याने माझ्या पँटकडे एकदा बघितलं आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे रवि, औंदा गाडीमाच व्हई गयं का?"

मी डबा घेऊन त्याच्या मागे बसलो. काही प्रश्नांना उत्तर देणं हाच पराभव असतो.

घरी डबा उघडला तेव्हा आत विलक्षण देखावा होता. गोळ्यांचे रंग एकमेकांत उतरले होते. कॅप्सूल चिकटून त्यांचा लाडू झाला होता, ओवा त्याला चिकटला होता. आणि इसबगोलचं पाकीट फुटून त्याने डब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. धनसिंगदादाची बायको उषा वहिनी डबा धुवायला घेऊन गेल्या आणि पातेलं घेऊन परत आल्या.

"भाऊजी, हे काय आहे? चिमूटभर भुसा दिसत होता आणि पातेलं भरलं. उलटं केलं तरी पडत नाही."

"इसबगोल," मी म्हणालो. "पाणी धरून ठेवतो."

"किती घट्ट होतं हो," वहिनी म्हणाल्या, आणि पातेलं पुन्हा एकदा उलटं करून बघितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कोट्यवधी जिवाणू पोटात न जाता मोरीतून वाहून गेले होते. सकाळी पोटाने हाक मारली नाही. माझ्याजवळ आता कोणतंच हत्यार उरलं नव्हतं, फक्त वृषालीच्या पिशवीतला तो कोरडा डबा तेवढा होता.

रविवारी घर पुरणाच्या वासाने भरलं. देवी सजली, मोठी माय तिच्यापुढे बसली ती उठेचना. मी ओसरीवर बसून मनाची तयारी करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून उषा वहिनींनी मला हाताने बोलावलं. आत गेलो तर त्यांचे डोळे भरलेले.

झालं होतं असं. वहिनींनी डाळ शिजवून कट वेगळा काढून ठेवला होता. धनसिंगदादा पाणी प्यायला आत आला. त्याला तो कट दिसला आणि रोटातलं काही टाकायचं नाही हे आठवलं. त्याने मोठ्या धर्मबुद्धीने तो सगळा कट डाळीत परत ओतला, वर गूळ घातला, ढवळला आणि बाहेर जाऊन बसला. आता पातेल्यात पुरण नव्हतं. ते वाटीत घेऊन प्यायचं प्रकरण झालं होतं. किती आटवलं तरी आटेना, खालून लागायला लागलं.

"बाहेरचं बेसन घालू शकत नाही, रोट मोडतो," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई म्हणतील सुनेला पुरण जमलं नाही. ह्यांचं नाव घेतलं तर कोणी मानायचं नाही. भाऊजी, वृषाली म्हणाली तुमचा इसबगोलचा कोरडा डबा आहे, तो..."

"वहिनी, ते औषध आहे."

"म्हणजे धान्य नाही ना?"

नियम बाहेरच्या धान्याबद्दल होता. औषधाबद्दल आमचे पूर्वज काही बोललेले नव्हते, बहुधा त्यांची पोटं बरी असावीत. पण मला स्वतःची काळजी लागली. तो डबा माझा शेवटचा आधार होता. तो पुरणात गेला तर मी रात्री काय घेणार? मी वहिनींच्या डोळ्यांकडे पाहिलं. गेल्या वर्षी सगळे हसत असताना मला पाणी आणून देणाऱ्या त्या एकट्या होत्या. मी डबा दिला. वहिनींनी तो उपडा केला आणि ढवळू लागल्या. बघता बघता पुरणाने अंग धरलं, आणि चमचा मधोमध उभा राहिला.

दुपारी नैवेद्य झाला आणि पंगत बसली. परातीत पोळ्यांची रास, बाजूला पुऱ्या, खीर, गंगाफळाची भाजी. पहिली पोळी सगळ्यांनी वाखाणली. असं भरगच्च पुरण गेल्या कित्येक सालांत झालं नाही, असं मोठी माय स्वतः म्हणाली. उषा वहिनींनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

धनसिंगदादाने दोन पोळ्या तुपात बुडवून आत टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. मी आपल्या पहिल्या पोळीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत होतो. इसबगोल म्हणजे काय चीज आहे हे त्या पंगतीत मी एकटाच जाणत होतो. त्याच्याशी माझा कित्येक वर्षांचा घरोबा. तो आधी चूप बसतो. मग पाणी मागतो. मग पोटात जाऊन पाय पसरतो.

तिसरी पोळी दादाने हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती ताटात ठेवली आणि पट्टा सैल केला.

"मन्हं पोट भरी गयं, माय," तो म्हणाला.

हे वाक्य त्या घरात त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. "असं कसं? आते तं दोनच खाद्यात," मोठी माय म्हणाली. पण तोवर पलीकडचा चुलता भिंतीला टेकला होता. एकेक गडी पाट सरकवून मागे होऊ लागला. बायकांची पंगत बसली, तीही दोन पोळ्यांत उठली. जो तो पोटावर हात ठेवून देवीकडे बघत होता, आणि परातीत रास तशीच होती.

ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. दिवेलागण जवळ येत चालली. मोठी माय परातीजवळ येऊन बसली. तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा कळलं की ही बाई रागीट नाही, ती घाबरलेली आहे. इतक्या वर्षांत तिच्या हयातीत रोट कधी उरले नव्हते. या वयात ते तिच्या समोर उरणार होते. मला फार वाईट वाटलं. वहिनी दारात उभ्या होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या.

मी पाट पुढे ओढला. "मोठी माय, वाढ," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. मी पोळी घेतली आणि खाल्ली. मग दुसरी. पोटात काहीच झालं नाही. मी जरा थांबलो, कानोसा घेतला. आत शांतता होती, पण रुसव्याची नव्हती. घरच्या माणसाच्या पावलांचा आवाज आला की कुत्रं मान वर करून पुन्हा झोपतं, तसं माझ्या पोटाने इसबगोलला ओळखलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धुळ्यात त्याला जळगाव भेटलं होतं.

मग मी खाल्लं. घाई केली नाही, रेटलं नाही. माझा वाटा संपला. सुरतवाल्याचा संपला. पुण्याच्या दोघांचा संपला. मध्ये मी खीर घेतली, कारण एकाच चवीने माणूस कंटाळतो. भिंतीला टेकलेले भाऊबंद हळूहळू सरळ बसले आणि माझ्याभोवती कडं करू लागले. वृषालीने मला वारा घालायला सुरुवात केली. लग्नानंतर असा वारा मला पहिल्यांदाच मिळत होता. शेवटच्या पोळ्या राहिल्या तेव्हा मी एक हातात घेतली, उंच धरली, पंगतीला दाखवली आणि म्हणालो, "हाई धनसिंगदादानी."

दादा हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता जसा मी दरसाल ट्रकच्या चाकाकडे बघतो.

"खाय, भाऊ, खाय," मोठी माय म्हणाली. मला ती आजवर कधी भाऊ म्हणाली नव्हती. मी परात पुसून घेतली, आणि तिने उठून दिवा लावला.

इथे थांबलो असतो तरी माझं पुरेसं झालं होतं. पण सोमवारची सकाळ राहिली आहे, आणि तिच्याबद्दल सभ्य भाषेत जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो. आमच्या धुळ्याच्या घरात सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात इतकी मोठी रांग कधी लागली नव्हती, आणि रांगेतून परत येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कधी दिसलं नव्हतं. माझं पोटही वेळेवर बोललं. धनसिंगदादा तर बाहेर आला तो काही वेळ तुळशीपाशी नुसता उभाच राहिला. मग माझ्याजवळ येऊन कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाला, "रवि, बरीच सालं व्हई गयात. इतकं हलकं कधी वाटनं नही." ट्रकचं चाक उचलणारा माणूस एवढ्या वर्षांत कोणाजवळ हे बोलला नव्हता. मला त्याची दया आली आणि थोडा आनंदही झाला.

देवीची पाठवणी करून आलो, तोच मोठ्या मायने सुनेला हाक मारली. तिचीही सकाळ उत्तम गेली असावी, पण तिला असल्या योगायोगांवर विश्वास नाही.

"उषा, पुरणमा काय टाकं तू?"

वहिनींचा चेहरा उतरला. मी पुढे झालो. "डबा माझा होता," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. फक्त कट कोणी ओतला तेवढं सोडून. तेही धनसिंगदादाने मान खाली घालून स्वतःच सांगितलं.

मोठ्या मायने आधी रिकाम्या परातीकडे पाहिलं. "बाहेरनं धान्य टाकं का?"

"धान्य नाही. औषध आहे."

"उरनं का काही?"

"कणभर नाही."

"मंग काय बिघडनं," ती म्हणाली. वहिनी पटकन आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला.

निघताना मी पाया पडायला वाकलो. माझ्या खिशात फोन वाजत होता, जळगावहून भाईदासचा. कॅप्सूलनी कसं काम केलं हे त्याला ऐकायचं होतं. मी तो वाजू दिला. मोठ्या मायने माझा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि भाऊबंदांकडे वळून म्हणाली, "ऐका रे बठ्ठा. काल बठ्ठा पडी ग्यात, एकला रवि बसेल व्हता. आते याना नावनी मूठ सैल लेवानी नही. मन्हा हातनी बी नही."

मला भरून आलं. "मग?"

"पुढला सालपासून धनसिंगना हातनी लेसू," ती म्हणाली.

दादाने आनंदाने आपला पंजा पुढे केला आणि बोटं पसरून दाखवली. मी त्या पंजाकडे बघितलं. मग वृषालीकडे बघितलं. ती म्हणाली, जळगावला गेल्या गेल्या दोन डबे आणू.